गाडी कोठे ठेवावी?

बाजारास निघालेल्या माणसाला पूर्वी एकच काळजी असे: जावे कसे? आता जाण्याची चिंता फारशी उरली नाही. तिच्या जागी दुसरी येऊन बसली आहे. पोहोचल्यावर गाडी कोठे ठेवावी?

आम्ही हळर्णची माणसे. शापोरा नदीच्या काठी वसलेले आमचे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते त्याच्या किल्ल्यामुळे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकून घेतला, आणि त्या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला आमच्या गावाच्या नावाची सरदारकी बहाल केली. पुढे तो व त्याचे वंशज ‘मार्कीस द अलोर्न’ म्हणूनच ओळखले गेले. एका सरदार घराण्याला नाव पुरविणाऱ्या या गावातील मनुष्याला शुक्रवारी म्हापशास गेल्यावर स्वतःची स्कूटर टेकविण्यापुरती जागा मिळू नये, ही काळाची गंमतच म्हणावयाची!

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. बारदेश, पेडणे, डिचोली, सत्तरी या सर्व बाजूंनी माणसे तेथे लोटतात. मयड्याची केळी, हरमलची मिरची, खारी सुंगटे, चोरीसांच्या माळा, मातीच्या कुंडल्या, भाजीच्या जुड्या, फुलझाडांची रोपे, यांतील काय नाही असे होत नाही. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी सुरू झाली म्हणजे तर पाय ठेवावयास जागा नसते. म्हापसा हे नाव माप या शब्दावरून पडले असे लोक सांगतात. धान्य, मिरी, मीठ मापून देण्याघेण्याचे ते ठिकाण. तेथे सर्व काही मापून मिळते. मापाविना घेतली जाते ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे रस्त्याकडेची जागा.

एका शुक्रवारी बाजार आटोपून बसची वाट पाहत आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. सकाळी येताना ज्या गाड्या समोर ओळीने उभ्या पाहिल्या होत्या, त्यांतील बहुतेक दुपारीही तशाच उभ्या होत्या. एकीच्या काचेवर झाडाची पाने पडून वाळली होती. या गाड्या बाजारास आलेल्या गिऱ्हाइकांच्या असतील असा आमचा समज होता. शेजारी बसलेल्या केळीवाल्या बाईने तो दूर केला. ती म्हणाली, “ही सगळी इथलीच माणसे. सकाळी दुकान, कचेरी उघडायच्या आधी गाडी लावतात आणि संध्याकाळी बंद करून घेऊन जातात. गिऱ्हाईक फिरते, फिरते आणि कंटाळून निघून जाते.” ज्यांचा धंदा गिऱ्हाइकावर चालतो तेच गिऱ्हाइकाची जागा अडवून बसतात, हे तिने दोन वाक्यांत सांगितले. या विषयावर मोठमोठ्या शहरांत जे ग्रंथ लिहिले गेले त्यांचे सारही याहून फार निराळे नाही.

थोडा हिशेब करून पाहावा. एक मोटार उभी करण्यास साधारणतः पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. एवढ्या जागेत पाटी मांडून चार-पाच बायका सहज बसतात व दिवसाचा आपला निर्वाह साधतात. आता वेळेचा हिशेब. सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत तास होतात आठ. त्या जागी प्रत्येकाने तासभर गाडी ठेवून काम उरकले तर आठ कुटुंबांची सोय होते. एकानेच दिवसभर ठेवली तर एकाची. जागा तीच, रस्ता तोच. सोय मात्र आठपट होते किंवा आठवा हिस्सा उरते. म्हणून जागा कमी आहे ही नेहमीची तक्रार आम्हांस अर्धीच खरी वाटते. जागेची वाटणी बरोबर नाही, हे उरलेले अर्धे होय.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला असेही नव्हे. प्राचीन रोम शहरात गाड्यांची एवढी दाटी झाली की इ.स.पूर्व ४५ च्या सुमारास, ज्यूलियस सीझरच्या काळी, सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालाच्या गाड्यांना शहरात बंदी करण्यात आली. देवळांच्या बांधकामासारखी काही मोजकी कामे तेवढी वगळली होती. दिवसा रस्ते मोकळे झाले खरे. परंतु गाड्या रात्री येऊ लागल्या आणि त्यांच्या खडखडाटाने गरिबांच्या झोपेचे खोबरे झाले. जुव्हेनल नावाच्या कवीने पुढे त्याविषयी कडवट तक्रार करून ठेवली आहे. यातून एक धडा घेण्याजोगा आहे. गाड्यांचा नियम करताना त्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हे आधी पाहिले पाहिजे.

म्हापशाच्या त्या केळीवाल्या बाईची तक्रार अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात १९३५ साली जशीच्या तशी ऐकू येत होती. दुकानांत व कचेऱ्यांत काम करणारी माणसे सकाळीच रस्त्याकडेला मोटारी लावीत व त्या दिवसभर हालत नसत. गिऱ्हाइकांना जागा मिळेना. तेव्हा कार्ल मॅगी नावाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने नाणे टाकून वेळ मोजणाऱ्या यंत्राची कल्पना पुढे आणली, आणि १६ जुलै १९३५ रोजी जगातील पहिले पार्किंग मीटर त्या शहरात बसविण्यात आले. भाडे तासाला पाच सेंट. रस्त्यावर उभे राहण्याचे पैसे द्यावयाचे म्हणून लोक संतापले. परंतु ज्या बाजूस मीटर बसले त्या बाजूस जागा मोकळ्या होऊ लागल्या, गिऱ्हाईक येऊ लागले. आणि मग समोरच्या बाजूचे दुकानदारही आपल्याकडे मीटर बसवा म्हणून मागणी करू लागले.

पुढे डोनाल्ड शूप नावाच्या एका प्राध्यापकांनी आपले आयुष्य याच विषयास वाहिले. २००५ साली त्यांनी फुकट पार्किंगची खरी किंमत किती मोठी असते यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. २०२५ साली त्यांचे निधन झाले. लॉस एंजलिसमधील पंधरा चौकांच्या एका लहानशा बाजारपेठेची त्यांनी पाहणी केली. जागा शोधण्यासाठी प्रत्येक मोटार सरासरी तीनच मिनिटांच्या आसपास घिरट्या घालीत होती. परंतु वर्षाकाठी त्या घिरट्यांची बेरीज झाली सुमारे साडेनऊ लाख मैल! एवढे पेट्रोल जळाले, एवढा धूर त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांच्या छातीत गेला, आणि कोणी कोठेही पोहोचले नाही. शूप यांचा उपाय साधा होता. भाडे इतकेच ठेवावे की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा नेहमी रिकाम्या राहाव्यात. आणि गोळा झालेला पैसा त्याच गल्लीच्या पदपथासाठी, दिव्यांसाठी, स्वच्छतेसाठी खर्च करावा. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना गावच्या जुन्या, रया गेलेल्या बाजारात १९९३ साली मीटर बसले, ते याच अभिवचनावर. पैसा डोळ्यांदेखत पदपथांत आणि झाडांत उतरलेला पाहिल्यावर तेथील व्यापाऱ्यांचा विरोध मावळला.

येथे आमचे काही वाचक म्हणतील, “रस्ता सरकारचा, कर आम्ही भरतो, मग उभे राहण्याचे पुन्हा पैसे कशासाठी?” प्रश्न रास्त आहे, तो झिडकारून टाकण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर गोमंतकीयांनी दूर शोधावयास नको. आपल्या गावकऱ्यांच्या, म्हणजे कोमुनिदादींच्या जमिनी सर्वांच्या होत्या. त्या सर्वांच्या होत्या म्हणून कोणीही उठावे आणि वाटेल ती कुणगी आपली म्हणावी, असे कधी चालले काय? पावणी होई, बोली लागे, मुदत ठरे, भरणा होई. आणि त्या पैशांतून खाजन शेतांचे बांध व मानशी राखल्या जात. बांध फुटला तर खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते, हे आपले पूर्वज जाणून होते. जे सर्वांचे असते त्याला मोजमाप लागते. ज्याला मोजमाप नाही ते आधी येणाऱ्याचे होते, किंवा दांडग्याचे होते. सर्वांचे राहत नाही.

आणखी एक गोष्ट. मोपाच्या माळावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. परदेशी निघालेल्या मुलाला निरोप देण्यास आम्ही तेथे जातो तेव्हा गाडी ठेवण्याचे पैसे आम्ही मुकाट्याने मोजतो. घड्याळ पाहतो, लवकर आटोपते घेतो. तेथे जो नियम आम्हांस जाचत नाही तो बाजारात मात्र अन्याय वाटतो. या फरकाला कारण एवढेच की बाजारातील जागा आजवर फुकट मिळत आली.

मात्र पैसे घेणाऱ्यांवरही एक जबाबदारी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर लोकांचा संशय खरा ठरतो. एका गावात आमच्याकडून गाडी ठेवण्याचे पैसे घेण्यात आले. पावती मागितली तर वही संपल्याचे उत्तर मिळाले; दराचा फलक विचारला तर तो वाऱ्याने पडल्याचे सांगण्यात आले. रक्कम क्षुल्लक होती, परंतु मनात राहिली ती रक्कम नव्हे. दर फलकावर ठळक लिहिलेला असावा, पावती मागितल्यावाचून मिळावी, कंत्राटदाराने किती गोळा केले व नगरपालिकेच्या तिजोरीत किती आले हे वर्षातून एकदा लोकांपुढे मांडले जावे, आणि त्यातील काही पैसा त्याच बाजारातील गटारे व बसथांब्यावरचे छप्पर यांवर खर्च झालेला दिसावा. एवढे झाले तर लोक पैसे देतील. हिशेब नसलेला पैसा देताना माणसाला तो कर वाटत नाही, लुबाडणूक वाटते.

कायद्याची उणीव आपल्या देशात नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमान्वये सरकारने स्थानिक संस्थेच्या विचाराने वाहने उभी करण्याच्या जागा ठरवून द्यावयाच्या आहेत. १२७ व्या कलमान्वये मनाई असलेल्या जागी उभी केलेली, अथवा सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी पोलिसांना हलविता येते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात शहरातील जमीन मौल्यवान आहे, तेव्हा गाडी ठेवण्याच्या आकारात त्या मोलाचे प्रतिबिंब पडावे, असे सांगितले आहे. कागद आहेत, अडते ते अंमलात. पुणे महापालिकेने २०१८ साली सशुल्क पार्किंगचे धोरण हाती घेतले तेव्हा इतका विरोध झाला की थोड्या रस्त्यांपुरताच प्रयोग करण्याचे ठरले. मुंबईने २०१९ च्या जुलैमध्ये दुसरे टोक गाठले: महापालिकेच्या वाहनतळापासून पाचशे मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी ठेवणाऱ्यास पाच हजार रुपयांपासून पुढे दंड. दंडाने भीती निर्माण होते; परंतु ज्याच्यापाशी दुसरा मार्गच नाही त्याला केवळ भीती दाखवून काय साधणार? जपानने याहून मूळावर हात घातला. तेथील १९६२ च्या कायद्यानुसार गाडी ठेवण्यास स्वतःची जागा असल्याचा दाखला दिल्याविना बहुतेक ठिकाणी मोटार नोंदताच येत नाही. आपल्याकडे आधी गाडी येते, मग जागेचा विचार होतो. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार भरली होती. नोंदलेल्या वाहनांचा आकडाही आता माणसांच्या आकड्याच्या पंक्तीला येऊन बसला आहे. मग ती सारी उभी राहणार कोठे?

या सर्व आकड्यांपेक्षा आमच्या मनाला लागून राहिली ती दुसरीच एक हकीकत. आमच्या शेजारच्या एका वृद्ध मावशींना एका सकाळी छातीत कळ येऊ लागली. त्यांना शहरात डॉक्टरांकडे नेताना शेवटच्या वळणावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, आणि समोरून येणारा एक टेंपो मध्येच अडकलेला. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना. शेवटी त्यांच्या मुलाने व जावयाने त्यांना खुर्चीत बसवून तेवढे अंतर उचलून नेले. देवाच्या कृपेने मावशी वाचल्या. ज्यांनी त्या गाड्या तेथे लावल्या होत्या ते काही दुष्ट नव्हते. कोणी औषध आणावयास गेला असेल, कोणी पाव आणावयास. “पाच मिनिटांत येतो,” असे प्रत्येकाने स्वतःशी म्हटले असेल. अशी दहा माणसांची पाच-पाच मिनिटे एकत्र येतात, तेव्हा एखाद्या आजाऱ्याचा रस्ता बंद होतो.

म्हणून वाहनतळाची व्यवस्था करावयाची ती प्रथम कोणासाठी, हे ठरले पाहिजे. आमच्या मते क्रम असा असावा. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांची वाट कोणत्याही दिवशी, कोणत्याही सणाला अडू नये. त्यानंतर बस, कारण एका बसमधून चाळीस-पन्नास माणसे येतात आणि ती उभी राहते दोन-तीन मोटारींच्या जागेत. नंतर अपंग व वृद्ध. नंतर माल उतरविणारा विक्रेता. त्याला पहाटेचे दोन तास नेमून द्यावेत, म्हणजे दिवसा टेंपो मध्ये येणार नाहीत. नंतर थोड्या वेळाचे गिऱ्हाईक. त्याला दुकानाजवळ जागा मिळावी, पण मुदतीने व मोल देऊन. आणि दिवसभर गाडी ठेवणाऱ्याने, मग तो दुकानदार असो, वकील असो की कारकून, ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत स्वस्तात किंवा फुकट ठेवावी व दहा मिनिटे चालत यावे. आज हा क्रम नेमका उलटा आहे. दिवसभराच्या गाडीला दारात जागा, आणि बसला रस्त्याच्या मधोमध थांबा!

बसचा विषय निघाला म्हणून सांगतो. कदंब परिवहन महामंडळ १९८० साली स्थापन झाले व खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुलांना त्या बसने शाळा-कॉलेज दाखविले. परंतु परतीची बस केव्हा मिळेल याचा भरवसा नसला की आमची तरुण मुले कर्ज काढून दुचाकी घेतात. मग मुलगी घेते, मग सून घेते. घराच्या अंगणात जेवढ्या माणसांच्या चपला तेवढ्या गाड्या दिसू लागतात. त्यांना दोष कसा द्यावा? वेळेवर येणारी बस हाच सर्वांत स्वस्त वाहनतळ होय. खेड्यातील बस बंद करून शहरात मजल्यांचे वाहनतळ बांधणे म्हणजे विहीर बुजवून टाकी बांधण्यासारखे आहे.

चालण्याचा कंटाळा हे एक निमित्त सांगितले जाते. तेही आम्हांस पटत नाही. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त असते. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असे मानून हिंदू बांधवही तेल घेऊन तिच्या दर्शनास येतात. त्या दिवशी गाडी दूर ठेवावी लागली म्हणून कोणी घरी परत गेल्याचे आम्ही पाहिले नाही. म्हाताऱ्या आजीचा हात धरून, तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे चालत येतात. वाटेत चणे घेतात, ओळखीचे भेटतात, चालणे कधी संपले ते कळतही नाही. अंगात बळ आहे, आणि मनात आले तर सवडही आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. म्हापशास ठेच लागली. पेडणे शहर अजून मागे आहे, म्हणजे शहाणे होण्याची संधी त्याला आहे. विमानतळ आल्यापासून पेडण्याभोवती जमिनी विकल्या जात आहेत, दुकाने वाढत आहेत, रस्त्याकडेला गाड्यांची रांग दर वर्षी थोडी लांबते आहे. शहर दाटल्यावर जागा शोधणे महाग पडते. दाटण्यापूर्वी राखून ठेवणे स्वस्त असते. बाजाराच्या कडेचे एक मैदान वाहनतळासाठी, एक बसथांब्यासाठी, आणि पाटीवाल्या बायकांसाठी सावलीची एक ओळ, एवढे आज नकाशावर राखले तर उद्याच्या पिढीला कोणाची घरे पाडावी लागणार नाहीत. ग्रामसभेत आपण रस्त्याच्या खड्ड्यांविषयी बोलतो; या विषयावरही बोलावयास हवे.

वाचकहो, नगरपालिकेने करावयाचे ते नगरपालिका करील. आपण काही गोष्टी या शुक्रवारपासूनच करू शकतो. शेजारी दोघे बाजारास निघाले असतील तर एकाच गाडीने जावे. ज्यांचे बाजारात दुकान आहे त्यांनी स्वतःची गाडी दारातून काढून दूर ठेवावी. त्या जागी दिवसात आठ गिऱ्हाइके येतील. बसथांब्यावर, वळणावर, दवाखान्याच्या दारात पाच मिनिटांसाठीसुद्धा गाडी लावू नये. रविवारच्या मिस्सेस आलेल्यांनीही चर्चच्या फाटकासमोरची वाट मोकळी ठेवावी. पैसे दिले तर पावती घ्यावी. आणि काम संपताच जागा सोडावी, कारण ती आपण विकत घेतलेली नाही; मागून येणाऱ्याकडून घटकाभर उसनी घेतलेली आहे.

पायलीने तांदूळ मोजून देणारी बाई माप भरल्यावर वर एक मूठ घालते. तिच्या बाजारात जाताना आपणही रस्त्याची जागा मापून घ्यावी, आणि शक्य झाल्यास मापापेक्षा थोडी कमीच घ्यावी.